काचपेटीतील मासे आणि मूठभर मीठ

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेबाहेर ओट्यावर ठेवलेली माशांची काचपेटी या स्मरणिकेच्या बहुतेक माजी विद्यार्थी-वाचकांना आठवत असेल. वसतिगृहातील पहिल्या आठवड्यात घरच्या आठवणीने कासावीस झालेली कितीतरी मुले त्या पेटीसमोर बसून शांत झालेली आम्ही पाहिली आहेत. पेटीची निगा राखण्याचे काम आठवीच्या वर्गाकडे असे. रविवारी सकाळी आटलेले पाणी भरून काढायचे, काचेवरचे शेवाळ पुसायचे आणि शेवटी स्वयंपाकघरातून आणलेले मूठभर खडे मीठ पाण्यात सोडायचे, असा तो क्रम. तो कोठेही लिहून ठेवलेला नव्हता. एक तुकडी दुसरीला सांगे आणि आम्ही शिक्षक मान डोलावत असू. मागील मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने सहज विचारले, "सर, अजून मीठ टाकता का? मी घरच्या टाकीत अजून टाकतो." त्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे आमच्याकडे बाकी आहे. त्यांच्या घरच्या टाकीत मीठ जाते ते आमच्या शिकवणीमुळे, आणि ती शिकवण चुकीची होती.

उत्तर आधीच सांगून टाकतो. गोड्या पाण्यातील माशांच्या टाकीत नित्यनेमाने मीठ घालू नये. मीठ हे औषध आहे. ते विशिष्ट कारणासाठी, तोलून, ठरावीक दिवसांपुरते द्यावे आणि काम झाले की पाण्यातून काढून घ्यावे. मीठ मुळी वापरूच नये असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याशीही आम्ही सहमत नाही. परंतु हे उत्तर आम्हांला पुस्तकातून सुचले नाही, त्यासाठी काही जीव गेले. ती हकीकत आधी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात पेटी स्वच्छ करून नव्याने मांडली होती. पाणी साधारण १०० लिटर. त्यात गप्पी, दोन गोल्डफिश, थोडे टेट्रा आणि रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती होती. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील, आहुपे खोऱ्याकडील मुलांनी सुटीहून येताना ओढ्यातले चार लहान मासे आणले होते. तळाच्या वाळूत लपणारे, तोंडाजवळ बारीक मिशा असलेले, बोटाएवढे. मुलांचा त्यांच्यावर विशेष जीव होता. ऑगस्टअखेर वनस्पतीची पाने पारदर्शक होऊन गळू लागली. मग गोगलगायी मेल्या. ऑक्टोबरात ते चार मासे एकामागून एक गेले, त्यानंतर टेट्रा. आम्ही निदान केले की पाण्यात रोग शिरला आहे, आणि उपाय म्हणून काही रविवारी एकाऐवजी दोन मुठी मीठ घालण्यास सांगितले. नोव्हेंबर संपता संपता एक गोल्डफिश गेला, दुसरा तळाशी पडून राहू लागला. गप्पी मात्र मजेत होते, त्यांना पिल्लेसुद्धा झाली. गप्पींकडे बोट दाखवून आम्ही म्हणत असू, पाण्यात दोष असता तर हे कसे जगले असते?

योग्य प्रश्न विचारला तो स्वयंपाकघरातील मावशींनी. मीठ नेण्यासाठी आलेल्या मुलाला त्या म्हणाल्या, "दर रविवारी एवढं मीठ नेता, ते जातं कुठं? मासे खातात की काय?" मुलाने तो विनोद म्हणून आम्हांला सांगितला. आम्हीही हसलो, आणि मग हसणे थांबले. मीठ कोठेही जात नव्हते.

प्रयोगशाळेत आम्ही मुलांसमोर एक साधा प्रयोग केला. तो घरीही करता येईल. पेटीतले मोजून एक लिटर पाणी गाळून स्टीलच्या पातेल्यात आटवत ठेवले आणि शेवटी आच अगदी मंद केली. तळाशी राहिलेला पांढरा थर खरवडून तोलला, तो सुमारे ११ ग्रॅम भरला. नळाचे एक लिटर पाणी तसेच आटवले, त्यातून अर्धा ग्रॅमही निघाला नाही. पेटीत १०० लिटर पाणी, म्हणजे ११०० ग्रॅम मीठ, किलोभराहून अधिक. मुलांच्या एका मुठीत सरासरी ५० ग्रॅम खडे मीठ मावते, हेही तेव्हाच तोलून पाहिले. जूनपासूनच्या बावीसएक मुठींचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळला. पेटीतून आटत होते ते केवळ पाणी. मीठ मागे राहत होते, आणि त्याच्यावर आम्ही दर आठवड्याला आणखी मीठ रचत होतो. पाच महिने पाणी न बदलता केवळ भर घातल्यामुळे माशांच्या विष्ठेतून येणारी इतर द्रव्येही साचली असणार. सर्व दोष मिठाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण ११ ग्रॅम हा आकडा स्वतःच पुरेसा बोलका होता.

तो का, हे समजण्यासाठी माशाच्या शरीराकडे वळावे लागेल. काकडीच्या कोचवणीवर मीठ भुरभुरले की थोड्या वेळात ताटात पाणी सुटते. उलट मनुका रात्रभर पाण्यात ठेवल्या की सकाळी टम्म फुगतात. पातळ पडद्याच्या दोन बाजूंस क्षारांचे प्रमाण वेगळे असेल तर पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे जाते. यालाच शालेय पुस्तकात परासरण म्हटले आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तातील क्षारांचे एकूण प्रमाण लिटरला सुमारे ८ ते ९ ग्रॅम मिठाच्या तोडीचे असते, आणि भोवतीच्या पाण्यात बहुधा अर्धा ग्रॅमही नसते. म्हणून तो मासा जन्मभर मनुकेच्या स्थितीत असतो. कल्ल्यांच्या नाजूक त्वचेतून पाणी सतत आत झिरपते. मासा फुगून मरत नाही, कारण त्याचे मूत्रपिंड अहोरात्र पातळ मूत्र बाहेर टाकत असते आणि कल्ल्यांतील खास पेशी पाण्यातले तुटपुंजे क्षार वेचून रक्तात घेत असतात. या कामासाठी त्याला सतत ऊर्जा खर्चावी लागते.

थोडे मीठ पाण्यात घातले की आतले आणि बाहेरचे अंतर कमी होते, पाणी आत शिरण्याचा जोर ओसरतो आणि माशाचे हे कष्ट हलके होतात. जखमी, दमलेल्या किंवा आजारी माशाला मिठाने आराम पडतो, तो यामुळे. मीठवाल्यांचे म्हणणे येथपर्यंत खरे आहे. परंतु निरोगी माशाला हे काम जड नसते. त्याचे सारे शरीर त्यासाठीच घडलेले आहे. आणि बाहेरचे मीठ ९ ग्रॅमच्या पुढे गेले की चित्र उलटते. मनुकेची काकडी होते. पाणी शरीरातून बाहेर ओढले जाऊ लागते आणि मीठ आत येऊ लागते. समुद्रातील मासे याच स्थितीत जगतात, पण ते समुद्राचे पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर फेकतात. ओढ्यातल्या माशाजवळ ती सोय नाही. आमच्या पेटीतले ते चार मासे १०० लिटर पाण्यात राहून कोरडे पडत होते.

मग गप्पी कसे वाचले? गप्पी आणि त्यांच्या कुळातील मॉली हे मासे खाडीच्या मचूळ पाण्यातही राहू शकतात. मीठ हळूहळू वाढवत नेले तर गप्पी समुद्राच्या पाण्यातही तगतो, आणि त्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आम्ही नेमका सर्वांत चिवट साक्षीदार उभा केला होता. हिवतापाच्या प्रतिबंधासाठी आरोग्य खाते हौदांत आणि डबक्यांत हेच मासे सोडते, ते डासांच्या अळ्या खातात म्हणून आणि कसल्याही पाण्यात टिकून राहतात म्हणून. ज्यांच्या घरी फक्त गप्पी आहेत त्यांना मिठाचा अपाय कधीच दिसणार नाही, आणि ते शेजाऱ्यालाही खुशाल मिठाचा सल्ला देतील.

पाणी नियमाने बदलणाऱ्यांकडेही मीठ साचते, फक्त त्याला मर्यादा असते. १०० लिटरच्या टाकीतून दर आठवड्याला २५ लिटर पाणी काढून ताजे भरले आणि प्रत्येक वेळी ५० ग्रॅम मीठ घातले, तर टाकीतले मीठ २०० ग्रॅमच्या आसपास जाऊन थांबते, कारण तेथे पोहोचल्यावर जेवढे घालावे तेवढेच काढलेल्या पाण्याबरोबर जाते. म्हणजे लिटरला २ ग्रॅम. बहुतेक मासे हे सहन करतात, पाणवनस्पती मात्र कुरकुरतात. पाणी न बदलता केवळ भर घातली तर असा कोणताही थांबा नाही. आठवड्याला ५० ग्रॅम या हिशेबाने अठरा आठवड्यांत माशाच्या रक्ताची बरोबरी होते.

अंगुत्तर निकायात लोणफल सुत्त आहे. मिठाचा एक खडा वाटीभर पाण्यात टाकला तर ते पाणी पिता येणार नाही, तोच खडा गंगेत टाकला तर गंगेला काही होणार नाही, असा दृष्टान्त त्यात येतो. सुत्ताचा विषय कर्म आणि त्याचा विपाक हा आहे, मत्स्यपालन नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही काचपेटी ही वाटी आहे, नदी नव्हे, हे मुलांना सांगताना आम्हांला दुसरा इतका सोपा दाखला सापडला नाही. मनाला लागलेली गोष्ट मात्र वेगळ्या सुत्ताची होती. परंपरेने चालत आले, कोणी थोराने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हे कालाम सुत्तातील सांगणे आम्ही प्रार्थनेच्या तासाला वर्षानुवर्षे समजावून देतो. दृष्ट काढण्यासाठी मीठ-मोहरी ओवाळण्याच्या चालीवर आम्ही वर्गात टीका केली आहे. आणि त्याच शाळेत दर रविवारी माशांवरून मीठ ओवाळल्यासारखी ती मूठ पडत होती. का, असे कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

तरीही कोणतीही चाल अगदीच निराधार रुजत नाही. मिठाचा हा रिवाज माशांच्या हौशी मंडळींत एवढा का पसरला, याचे कारण बहुधा नायट्राइटमध्ये आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दरम्यान नायट्राइट वाढते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरले की हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, रक्त आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. नवी टाकी आणली आणि पंधरवड्यात मासे मेले, ही तक्रार आम्ही पालकांकडून अनेकदा ऐकली आहे. तिच्यामागे पुष्कळदा हेच असते.

मिठातील क्लोराइड आणि पाण्यातील नायट्राइट हे दोघेही कल्ल्यांच्या एकाच दारातून आत जातात. दाराशी क्लोराइडची गर्दी असली की नायट्राइटला वाट मिळत नाही. क्लोराइड नायट्राइटच्या किमान दसपट असावे असा सर्वसाधारण नियम आहे. वजनाने मिठाचा सुमारे ६० टक्के भाग क्लोराइड असतो. त्यामुळे १०० लिटरला १० ते २० ग्रॅम मीठ, म्हणजे दोन-तीन लहान चमचे, एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. ज्या काळी गाळणयंत्रे दुर्मीळ होती आणि नायट्राइट कोणी मोजत नव्हते, त्या काळी मीठ घातले की मासे जगतात हा अनुभव अनेकांना खरोखर आला असला पाहिजे. अनुभव खरा होता, फक्त तो पहिल्या दीड महिन्याचा होता. पुढे तो कायमचा नियम झाला. अर्थात नायट्राइट वाढले असता पाणी बदलणे आणि खाद्य कमी करणे हा पहिला उपाय. मीठ ही तोवरची ढाल.

दुसरा प्रसंग पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एकदम उतरतो, त्यातच वीज जाते, पाणी तापवण्याचे उपकरण बंद पडते आणि सकाळी माशांच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. हा इक्थिऑफ्थिरियस नावाचा सूक्ष्म परजीवी. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या त्वचेखाली बसलेला असतो आणि तेथे मीठ पोहोचत नाही. तो भरपूर खाऊन झाला की माशापासून सुटतो, तळाशी कवच करून शेकडोंमध्ये विभागतो, आणि ती पिल्लावळ नव्या माशाच्या शोधात पोहत सुटते. या शेवटच्या, उघड्या अवस्थेत मीठ त्याला मारते. म्हणून ठिपके नाहीसे झाले की रोग गेला असे समजून उपचार थांबवणे ही मोठी चूक होय. ठिपके नाहीसे होणे म्हणजे परजीवी पिल्ले घालायला खाली उतरला आहे. लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ, तेही एकदम नव्हे तर तीन भाग करून दीड-दोन दिवसांत, वेगळ्या भांड्यात विरघळवून घालावे. पाणी २६ ते २८ अंशांवर राखले तर परजीवीचे चक्र लवकर फिरते आणि तो लवकर उघडा पडतो. हवा सोडणारा पंप चालू ठेवावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. दोन आठवडे हा उपचार चालू ठेवावा. परजीवी साऱ्या टाकीत असतो, तेव्हा एकच मासा बादलीत काढून उपयोग नाही. काढायच्या असतील तर वनस्पती काढाव्यात.

तिसरा उपयोग मत्स्यव्यवसायातला. डिंभे धरणाच्या जलाशयात आदिवासी मच्छीमारांची सहकारी संस्था मासेमारी करते हे आंबेगावकरांना ठाऊक आहे. ज्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, त्याच पाण्यावर विस्थापितांपैकी काही कुटुंबांनी पुन्हा उपजीविका उभी केली. रोहू, कटला, मृगळ यांचे बोटुकले तळ्यात सोडण्यापूर्वी २ ते ३ टक्के मिठाच्या द्रावणात काही मिनिटे बुडवून काढावे, अशी शिफारस मत्स्यशेतीत सर्वत्र केली जाते. अंगावरचे परजीवी आणि बुरशी त्यामुळे झडते. घरच्या माशासाठी याहून सौम्य, १ टक्का द्रावण घ्यावे, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. पाच-दहा मिनिटे पुरेत, आणि तेवढा वेळ नजर हलवू नये. मासा कलंडू लागला की तत्काळ ताज्या पाण्यात घ्यावा. हाच आकडा आमच्या पेटीतही होता, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. तेवढे मीठ दहा मिनिटे दिले तर औषध. आम्ही ते आठवडेच्या आठवडे दिले.

मीठ कोणाला सोसत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या अंगावर खवले नाहीत किंवा अगदी बारीक आहेत असे मिशांचे तळमासे, मऊ पाण्यातले टेट्रा, गोगलगायी आणि बहुतेक पाणवनस्पती. सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरणाऱ्या ओढ्यांचे पाणी पावसाचे, त्यात क्षार फारच थोडे. त्यात वाढलेल्या माशाला आमची पेटी परदेशासारखीच असणार. जुन्नरच्या लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आपण सहलीत पाहतो. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे, आणि इरिल नावाच्या एका यवनाने येथे दोन पोढी दान दिल्याचा लेखही आहे. तेथे साठते ते असेच पावसाचे, हलके पाणी. आपल्या गावातल्या विंधनविहिरीचे पाणी निराळे असते.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करावा लागेल. आपल्याकडे बोअरच्या पाण्याला सरसकट खारे म्हणतात. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, म्हणून. पण ते पाणी जड आहे, खारट नव्हे. काळ्या पाषाणातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरते. खाण्याचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, ते वेगळे. म्हणून आमचे पाणी आधीच खारे, मग मिठाची भीती कशाला, हा युक्तिवाद टिकत नाही. आणि मीठ घातल्याने पाणी जड होते किंवा त्याचा आम्लपणा जातो, हेही खरे नाही. तशीच गोष्ट क्लोरीनची. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते, तिच्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. त्यावर उपाय पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवणे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक वापरणे हा आहे. मिठाने क्लोरीन जात नाही. क्लोरीन आणि क्लोराइड यांची नावे जवळची, गुण मात्र दोन टोकांचे.

मीठ कोणते घ्यावे? साधे खडे मीठ उत्तम. एकेकाळी कोकणच्या मिठागरांतले मीठ नाणेघाटाने बैलांच्या पाठीवर आपल्याकडे चढत असे आणि चिमटीने वापरले जाई. आता ते इतके स्वस्त आहे की मुठीने टाकताना हात थांबत नाही. आयोडीनयुक्त मीठ माशांना विषारी असते ही समजूत आम्ही दुकानदारांकडूनही ऐकली. त्यातील आयोडीन किलोला काही मिलिग्रॅम एवढेच असते, वरील मात्रांत त्याने अपाय होत नाही. खडे मीठ मिळाले नाही तर तेही चालेल. पादेलोण, मसाल्याचे मीठ किंवा रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मिळणारे कमी सोडियमचे मीठ मात्र वापरू नये. एप्सम सॉल्ट हे नावाने मीठ असले तरी मॅग्नेशियम सल्फेट आहे, त्याचा उपयोग निराळा. पाककृतीत 'मीठ चवीपुरते' लिहून चालते. येथे तराजू लागतो, आणि टाकीत पाणी किती आहे हेही माहीत असावे लागते. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागले की लिटर मिळतात. वाळू-दगडांसाठी थोडे वजा करावे.

ज्यांच्या टाकीत वर्षानुवर्षे मीठ साचले आहे त्यांनी हा लेख वाचून सारे पाणी एका दिवसात बदलू नये. खाऱ्या पाण्याला सरावलेला मासा एकदम गोड्या पाण्यात सोडला तर तोही धक्क्याने मरतो. आम्ही दर तीन दिवसांनी पाव भाग पाणी बदलले, मीठ न घालता. नऊ वेळा असे केल्यावर ११ ग्रॅमचे प्रमाण एका ग्रॅमच्या खाली आले. तळाशी पडून असलेला गोल्डफिश पाचव्या खेपेनंतर खाद्याला वर येऊ लागला. तो पुढे तीन वर्षे जगला.

ओढ्यातले मासे आम्ही पुन्हा आणू दिले नाहीत. ती मुले त्यावर काही दिवस नाराज होती. उलट दिशेचा मोहही टाळावा लागतो. सुटीपूर्वी किंवा बुद्धपौर्णिमेला पेटीतले मासे जीवदान म्हणून नदीत सोडावेत, असे काही जण सुचवतात. हेतू शुद्ध असतो. पण कुकडीत सोडलेला मासा आणि त्याच्या अंगावरचा रोग घोडनदीत जातो, तेथून भीमेत आणि उजनीत. उजनीत बाहेरून आलेल्या चिलापीने आणि शोभेच्या टाक्यांतून सुटलेल्या सकर माशाने स्थानिक माशांचे काय केले, हे तेथील मच्छीमार सांगतात. पंचशीलातील पहिले शील पाळायचे तर नको असलेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत.

पेटी आता पूर्वीच्याच ओट्यावर आहे. शेजारी एक वही टांगलेली आहे. तीत तारीख, काढलेले पाणी, भरलेले पाणी आणि मीठ असे चार रकाने आहेत. चौथा रकाना बहुतेक रविवारी कोरा असतो. गेल्या हिवाळ्यात पांढरे ठिपके आले तेव्हा तेथे 'तीन वेळा ८० ग्रॅम' अशी नोंद झाली, आणि पुढच्या पानांवर ते मीठ काढून टाकल्याच्याही नोंदी आहेत. काढलेले ते पाणी मुलांनी नेहमीच्या सवयीने शेवंतीच्या वाफ्यात ओतले नाही, मोरीत ओतले. मिठाचे पाणी झाडांनाही सोसत नाही.